नावं ठेवा, पण तोंडावर!

मंडळी, डेटाबेसने नावांवर बंधनं घालू नयेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. घाला की! पण बंधन मोडलं तर तोंड उघडून सांगा, मनानेच अर्थ लावून मोकळे होऊ नका.

ओरॅकल घ्या. पीएल/एसक्यूएलमध्ये वर्षानुवर्षं ३० बाइट्सच्या वर नाव चालत नसे. २०१६-१७ मध्ये १२.२ आलं आणि मर्यादा १२८ झाली. त्या तिशीपायी स्वर गाळलेली बोबडी नावं जन्माला आली, म्हणून लोक अजून शिव्या घालतात. मी नाही घालत. एकतिसावा बाइट दिसला की ओरॅकल सरळ एरर द्यायचं. त्रास होता, दगाफटका नव्हता.

दगा वेगळ्याच ठिकाणी आहे. पॅरामीटरचं आणि कॉलमचं नाव एकच असेल, तर एसक्यूएलच्या वाक्यात ओरॅकल गुपचूप कॉलमच धरतं. म्हणजे डिलीटच्या अटीत 'आयडी = आयडी' लिहिलंत की प्रायमरी की स्वतःशीच ताडून पाहिली जाते. अट प्रत्येक ओळीला खरी, अख्खं टेबल साफ, आणि एरर? नाव नको!

पोस्टग्रेसची तऱ्हा बरोब्बर उलटी. २०१० च्या ९.० पासून पीएल/पीजीएसक्यूएल असा घोळ दिसला की मुळातच एरर देतं. शाब्बास! पण नाव ६३ बाइट्सच्या वर गेलं की शेपूट कापतं आणि नुसती एक नोटीस देतं. डिप्लॉयमेंटच्या लॉगमधल्या नोटिसा वाचतो कोण? दोन फंक्शन्सचे पहिले ६३ बाइट्स आणि आर्ग्युमेंट्सचे टाइप सारखे असले, तर 'क्रिएट ऑर रिप्लेस' दुसरं फंक्शन बिनबोभाट पहिल्याच्या जागी बसवू शकतं. मराठी नावांची हौस असेल तर हे आणखी लवकर. यूटीएफ-८ मध्ये 'ग्राहक' एवढा शब्दच १८ बाइट्स खातो, कारण काना आणि हलन्ताचेही प्रत्येकी ३ मोजले जातात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "पी_, व्ही_ लावायची शिस्त पाळा ना!" पाळतोच हो. पण जो घोळ मशीनला स्वच्छ दिसतो, तो रात्री अकरा वाजता माणसाने डोळे ताणून का शोधायचा? "जुना कोड मोडेल" हेही खरं नाही. पोस्टग्रेसने एरर आणली तेव्हा जुन्या वागण्यासाठी सेटिंग ठेवलंच होतं.

नियम कडक असू द्या, चालेल. मुका नको.