गाडी बुडाल्यानंतर

ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुरात सुरतेतील कितीतरी मोटारी बुडाल्या. आमच्या एका स्नेह्यांनी पाणी ओसरताच घाईने इंजिन सुरू केले. आत शिरलेल्या पाण्याने ते निकामी झाले आणि विमा कंपनीने इंजिनाची भरपाई नाकारली. वाचकहो, अशा वेळी प्रथम कंपनीस कळवावे. सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी दुरुस्ती आरंभू नये. कंपनीच्या यादीतील गॅरेजात मंजूर रक्कम आपणांस आधी भरावी लागत नाही, एवढीच सोय. ओळखीच्या कसबी कारागिराकडे जाण्यास मालक मुखत्यार असतो. मात्र खर्चाचा लेखी अंदाज आधी मंजूर करून घ्यावा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या भागांची निम्मी किंमत आपणच सोसायची असते. हे स्नेह्यांना वेळीच सांगावयास हवे होते, ही रुखरुख आजही आहे.