समोर कुणी नाही, मग दिसते ते काय?

काचबिंदूने किंवा मधुमेहाने नजर खूप अधू झालेल्या आजींना कधी दुपारी खोलीत मुले दिसतात, कधी भिंतीवर नक्षी. आवाज मात्र नसतो. तिथे कुणी नाही, हे आजींनाही कळते. तरी त्या घरात बोलत नाहीत. ‘म्हातारीला वेड लागलं’ किंवा ‘बाहेरचं काही आहे’ असे ऐकावे लागेल, ही धास्ती असते.

याला ‘चार्ल्स बॉनेट सिंड्रोम’ म्हणतात. जिनिव्हाचे निसर्ग-अभ्यासक बॉनेट यांनी १७६० मध्ये आपल्या ८९ वर्षांच्या आजोबांची हकीकत लिहिली. मोतीबिंदूमुळे त्यांची दृष्टी गेली होती, बुद्धी शाबूत होती; पण त्यांना माणसे, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. डोळ्यांकडून येणारे संदेश घटले की मेंदूतील दृष्टीचे भाग आपणहून जागे होतात, असे आज मानले जाते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एमआरआय अभ्यासात भासात रंग दिसताना मेंदूतील रंगाचा भाग सक्रिय आढळला, तर चेहरे दिसताना चेहऱ्यांचा.

येथे तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न घरात येतो. प्रत्येक विचाराला, प्रत्येक दिसण्याला काही ‘विषय’ असावाच लागतो का? फ्रान्झ ब्रेंटानो यांनी १८७४ मध्ये म्हटले की, मनाचा प्रत्येक व्यापार कशाच्या तरी दिशेने असतो. बघणे म्हणजे काहीतरी बघणे. आपल्याकडचे दोरीचा साप हे उदाहरण प्रसिद्ध आहे. पण तिथे निदान दोरी तरी असते. आजींसमोर दोरीही नाही.

माझ्या मते गोंधळ एकाच शब्दाचे दोन अर्थ मिसळल्याने होतो. बाहेरची वस्तू वेगळी आणि अनुभवात जे दिसते ते वेगळे. आजींच्या बघण्याला बाहेर वस्तू नाही, पण त्यात आशय आहे: मुले, त्यांचे कपडे, त्यांची उंची. म्हणून ‘तिथे कुणी नाही’ हे वाक्य खरे आहे आणि ‘तुम्हाला काही दिसतच नाही’ हे खोटे. घरात आपण पहिले सांगायला जातो आणि दुसरे बोलून बसतो. मग आजी गप्प होतात.

त्याऐवजी विचारावे, ‘आजी, काय दिसतं? कधी दिसतं? ते खरं वाटतं का?’ डॉक्टरांनाही हीच उत्तरे उपयोगी पडतात. भास खरे वाटत असतील, आवाजही येत असतील, विसराळूपणा किंवा हातापायांना कंप असेल, तर कारण दुसरे असू शकते. ताप किंवा नवे औषध सुरू झाल्यावर अचानक गोंधळ उडाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. केवळ नजर अधू असेल तर आधी नेत्रतज्ज्ञ. खोलीतला उजेड वाढवणे, नजर इकडून तिकडे फिरवणे यानेही काहींचे भास थांबतात.

वस्तू नसली तरी अनुभव असतो, एवढे घरच्यांनी मान्य केले, तर आजींचे निम्मे ओझे उतरेल.