दारू आपण पीत नाही, पण रस्ता सगळ्यांचा आहे

दारूचा विषय निघाला की आपल्याकडे उत्तर ठरलेले असते, "आपल्यात कोणी पीत नाही." मद्य सप्तव्यसनांत मोडते, त्याचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांत आहे, म्हणजे विषय संपला. मला हे पटत नाही. समाजात पिणारे वाढले की रस्त्यावर न पिणाऱ्याचाही जीव धोक्यात येतो.

12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर प्यायलेल्या चालकाची गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले. पार्टीतल्या गाड्या परततात त्या सुमारासच, उजाडता उजाडता, आपले साधू-साध्वी विहाराला निघतात. ईर्यासमिती पाळत, पायाखालची मुंगी जपत ते महामार्गाच्या कडेने चालतात. मागून येणारा शुद्धीत आहे की नाही, हे त्यांच्या हातात नसते.

सरकारी आकड्यांप्रमाणे 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यात दारूच्या नावावर नोंद आहे ती अडीच टक्क्यांच्या आसपास. आकडा लहान वाटतो. पण सर्वांत मोठा रकाना अतिवेगाचा आहे. दारू पोटात गेली की वेगाचे भान सुटते आणि ब्रेकवर पाय उशिरा जातो. प्रत्येक चालकाचे रक्त तपासले जातेच असेही नाही.

100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 188 प्रमाणे त्याला साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. आपल्याला हे नवीन नाही. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींनी कर्म बांधते असे आपण लहानपणापासून ऐकतो. कायदा गप्प बसणाऱ्याला धरत नसेल, धर्म धरतो.

"कंपनीची पार्टी होती, थोडीच घेतली," हे वाक्य आता वाशी-बेलापूरच्या आपल्या घरांतही ऐकू येते. लोक काय म्हणतील म्हणून आपण ते झाकतो. हे झाकणे म्हणजे अनुमोदनाच.

व्रताची आठवण जरूर द्या. पण त्याआधी गाडीची किल्ली काढून घ्या. मुलांना सांगून ठेवा, "कितीही वाजू देत, फोन कर. बाबा न्यायला येतील, तेव्हा कोणी एक शब्द बोलणार नाही." बोलायचे ते सकाळी बोलू. तेव्हा आपले मूल घरी असेल, आणि रस्त्यावरचा तो अनोळखी माणूसही त्याच्या घरी पोचलेला असेल.