आधी वाहिनी, मग आदेश : पेट्रोलची गाडी वायूवर आणण्याचा विसरलेला इतिहास

१/ ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीने वीस वर्षांची वयोमर्यादा गाठली होती. त्या निमित्ताने आठवणींचा पूर आला. पण या काळ्या-पिवळ्या गाड्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध पेट्रोल सोडून सीएनजीवर काढला, हे फारसे कोणी सांगितले नाही.

२/ जिथे हा बदल आठवला जातो, तिथे कथा ठरलेली असते. टॅक्सीवाल्यांनी हवा नासवली, नवे तंत्र आले, न्यायालयाने बडगा उगारला, शहर सुधारले. ही कथा ऐकायला सोपी आणि इतिहास म्हणून कच्ची आहे. तंत्र नवे नव्हते, नुसत्या बडग्याने काम भागले नाही आणि गुन्हेगारही चुकीचा निवडला गेला.

३/ आधी तंत्राचे पाहू. १८६० मध्ये पॅरिसमध्ये लेन्वारने आणि १८७६ मध्ये जर्मनीत निकोलाउस ऑटोने बनवलेली इंजिने पेट्रोलवर चालत नव्हती. रस्त्यावरचे दिवे ज्या दगडी कोळशाच्या वायूवर जळत, त्याच वायूवर ती चालत. अडचण एकच होती. इंजिन शहराच्या वायूवाहिनीला बांधलेले असे, त्यामुळे ते जागचे हलू शकत नसे.

४/ ऑटोच्या कारखान्यात काम केलेले डाइमलर आणि मायबाख पुढे बाहेर पडले व पेट्रोलकडे वळले. हे द्रव इंधन डब्यात भरून सोबत नेता येई. म्हणजे पेट्रोलची मोटार हेच मुळात वायूच्या इंजिनाचे रूपांतर होते. शंभर वर्षांनी तिला पुन्हा वायूवर आणणे ही एका अर्थाने घरवापसी होती.

५/ म्हणूनच हे काम गॅरेजमध्ये होऊ शकले. डिकीत जाड पोलादी सिलिंडर बसतो. त्यात वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. रेग्युलेटर तो दाब उतरवतो, मिक्सर वायूला हवेत मिसळतो आणि ठिणगी पूर्वीसारखीच स्पार्क प्लगची असते. एक बटण दाबले की गाडी वायूवर, दुसऱ्यांदा दाबले की पेट्रोलवर.

६/ डिझेल इंजिनाचे तसे नाही. त्यात ठिणगीच नसते, हवेच्या दाबाने तापून इंधन पेटते. त्यामुळे डिझेलची बस वायूवर आणायची तर इंजिनात मोठे फेरफार करावे लागतात किंवा इंजिनच बदलावे लागते. पेट्रोलची टॅक्सी सहज बदलली आणि बस अडून बसली, यामागे चालकांच्या सद्गुणांचा किंवा दुर्गुणांचा काही संबंध नव्हता.

७/ दुसऱ्या महायुद्धात तर हे रूपांतर जगभर झाले. पेट्रोल मिळेनासे झाले, तशा मोटारींच्या पाठीवर लाकडाच्या आणि कोळशाच्या भट्ट्या चढल्या. युद्धाच्या शेवटी एकट्या जर्मनीत अशी सुमारे पाच लाख वाहने होती, असा अंदाज आहे. भारतातही पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि कोळशाच्या वायूवर बसगाड्या धावल्या.

८/ तो वायू स्वच्छ मुळीच नव्हता. त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड असे आणि भट्टी पेटवून गाडी सुरू करायला बराच वेळ जाई. पेट्रोल परतले तशा भट्ट्या उतरल्या. या प्रसंगातून एक गोष्ट पक्की कळते. गाडीचा मालक इंधन निवडताना पंपावर काय मिळते आणि किती रुपयांना मिळते एवढेच पाहतो.

९/ आता मुंबईकडे. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलासोबत नैसर्गिक वायूही वर आला. तो वाहून नेण्याची पुरेशी सोय नव्हती, म्हणून पुढची कित्येक वर्षे त्याचा मोठा हिस्सा समुद्रातच जाळला जात होता. जवळच्या शहरात गाड्या शिसेमिश्रित पेट्रोल जाळत होत्या. त्या काळच्या धुराचा हिशेब मांडायचा तर तो टॅक्सीच्या नळकांड्यापासून सुरू करता येणार नाही.

१०/ टॅक्सीवाला त्या काळात काय करत होता? डिझेल पेट्रोलपेक्षा खूप स्वस्त होते आणि ती किंमत सरकार ठरवत होते. म्हणून अनेकांनी पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे बसवले. हेही रूपांतरच होते, फक्त अधिक काळ्या धुराकडे नेणारे. तीच गाडी, तोच चालक. पुढे वायू स्वस्त मिळू लागला तेव्हा तोच चालक वायूकडे वळला.

११/ १९९५ मध्ये महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत वाहनांसाठी सीएनजी मिळू लागला. उच्च न्यायालयात धूरग्रस्त रहिवाशांच्या मंचाची याचिका आली ती १९९९ मध्ये. परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि पुढे जुन्या टॅक्सींवर स्वच्छ इंधनाची सक्ती आली. क्रम लक्षात घ्यावा : वाहिनी आधी, आदेश नंतर.

१२/ दिल्लीत हा क्रम उलटा होता. एम. सी. मेहता यांच्या १९८५ च्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला की शहरातील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणाव्यात. दिल्लीला वायू पुरवणारी इंद्रप्रस्थ गॅस कंपनी स्थापन झाली डिसेंबर १९९८ मध्ये, म्हणजे आदेशानंतर पाच महिन्यांनी.

१३/ परिणाम व्हायचा तोच झाला. मुदत आली तेव्हा बसगाड्या अपुऱ्या होत्या आणि पंपही अपुरे होते. रिक्षा आणि टॅक्सी तासन्‌तास रांगेत उभ्या राहिल्या, प्रवासी थांब्यांवर ताटकळले. रांगा मुंबईतही लागत. पण दिल्लीतल्या रांगा राष्ट्रीय बातमी झाल्या.

१४/ याच काळात डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने वेगळा विचार मांडला : सरकारने धुराची मर्यादा ठरवावी, इंधन कोणते ते ठरवू नये. तत्त्व म्हणून यात तथ्य होते. पण डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे सर्रास चालणाऱ्या देशात कागदावरची मर्यादा कोण पाळणार, हा प्रश्न उरतच होता. सिलिंडरातल्या वायूत भेसळ करणे जवळपास अशक्य होते.

१५/ ५ एप्रिल २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिझेल बसगाड्यांवर रोज ५०० रुपये आणि तीस दिवसांनंतर रोज १,००० रुपये दंड बसवला. हा दंड सर्वांच्या लक्षात राहिला. त्याच निकालात वायूच्या वाटपात वाहतुकीला प्राधान्य द्या, असेही केंद्र सरकारला बजावले होते. ते मात्र कोणी सांगत नाही. बदल मार्गी लागण्यात या दुसऱ्या वाक्याचा वाटा मोठा होता.

१६/ “न्यायालय नसते तर वाहिनीही आली नसती,” हा आक्षेप दिल्लीपुरता खरा आहे. पण तो मान्य केला तरी न्यायालयाचे श्रेय कशात आहे? झोपलेल्या सरकारला पुरवठा करायला लावण्यात. रिक्षावाल्याला धाक दाखवायला न्यायालयाची गरज नव्हती. तेवढे काम चौकातला हवालदारही करत होता.

१७/ वायू म्हणजे अमृत, असेही मानू नये. त्यातून काजळी नगण्य निघते, शिसे निघत नाही. पण कार्बन डायऑक्साइड निघतोच आणि गळालेला मिथेन पृथ्वी तापवतो. पद्मिनीची डिकी सिलिंडरने व्यापली, सामान टपावरच्या कॅरिअरवर गेले, इंजिनाचा जोरही काहीसा घटला. ही किंमत चालकाने मोजली. किटचा खर्चही बहुतांशी त्याच्याच खिशातून किंवा कर्जातून गेला.

१८/ आज विजेच्या गाड्यांबाबत आणि जुन्या गाड्या भंगारात काढण्याबाबत हीच जुनी कथा पुन्हा सांगितली जात आहे : नागरिक हट्टी, तंत्र नवे, उपाय सक्ती. पद्मिनीचा इतिहास याच्या विरोधात साक्ष देतो. चार्जिंगची सोय आणि परवडणारे दर आधी उभे करावेत, मुदत मग घालावी. वायू समुद्रात जाळणाऱ्यांना माफी आणि टॅक्सीवाल्याला दंड, हा न्याय एकदा झाला. तो दुसऱ्यांदा होऊ देण्याचे कारण नाही.