लिथियमचा सेल घराला मानवेल काय?

पौडहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशी धरणाच्या शेजारी, माले हे आमचे गाव आहे. आषाढ लागला म्हणजे येथे पाऊस तासांच्या नव्हे, दिवसांच्या हिशेबाने पडतो. एखादी फांदी तारेवर कोसळली की लाइट जाते, आणि गेलेली लाइट त्याच सांजेला येईल की परवा उजाडल्यावर, याची हमी कोणी घेत नाही. त्यामुळे शहरातल्या घरांत ज्या जिनसा अडगळीत पडून असतात त्यांना आमच्या घरांत समईच्या खालोखाल मान आहे: दाराशेजारच्या कोनाड्यातली बॅटरी, फडताळावरचा रेडिओ, भिंतीवरचे घड्याळ आणि या सर्वांच्या पोटात जाणारे सेल. शहरी वाचकांसाठी एवढा खुलासा केला पाहिजे की आमच्याकडे ‘बॅटरी’ म्हणजे विजेरी, आणि हा अर्थ इतका रुजलेला आहे की ‘बॅटरीतले सेल उतरले’ या वाक्याचा दुसरा अर्थ कोणाच्या मनात येत नाही.

या सेलांच्या बाजारात अलीकडे एक नवा जिन्नस आला आहे. नेहमीच्या पेन्सिल सेलाच्याच आकाराचा, दीड व्होल्टाचा, परंतु लिथियमचा आणि पुनःपुन्हा भरता येणारा असा हा सेल असून, मोबाइलच्या चार्जरला वायर लावून तो भरता येतो, हे पाहिल्यावर घरोघरची तरुण मंडळी साहजिकच विचारू लागली आहेत की आता जुने सगळे सेल टाकून हेच का वापरू नयेत? माझ्या भाच्यानेही हाच प्रश्न मला विचारला. मी त्याला दिलेले उत्तर थोडक्यात असे होते: ज्या उपकरणाची घडणच लिथियम गृहीत धरून झाली आहे तेथे त्याच्यासारखा दुसरा सेल नाही, परंतु जस्ताच्या सेलासाठी बांधलेल्या घरगुती उपकरणांत तो घालणे बहुतेक ठिकाणी निष्कारण आहे, काही ठिकाणी गैरसोयीचे आहे, आणि अजाणतेपणी केल्यास घातकही आहे. हे उत्तर सविस्तर मांडणे मला अगत्याचे वाटते, कारण या नव्या वस्तूची स्तुती सर्वत्र ऐकू येते आणि तिच्या मर्यादा मात्र खरेदी झाल्यावर ध्यानात येतात.

लिथियमची थोरवी निर्विवाद आहे. 1991 साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली, आणि या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते सर्वथैव योग्यच होते. खिशातला मोबाइल तिच्याच बळावर चालतो. परंतु प्रत्येक धातूचा आपला एक स्वभाव असतो. जस्ताच्या सेलाचा दाब स्वभावतः दीड व्होल्ट, आणि घरातली घड्याळे, रेडिओ, खेळणी, रिमोट ही सारी प्रजा या दीड व्होल्टाच्या हिशेबावर वाढलेली. लिथियम-आयनचा स्वाभाविक दाब साधारण 3.7 व्होल्ट, आणि पूर्ण भरल्यावर 4.2. या दोहोंची जुळणी व्हावी म्हणून कारखानदार त्या पेन्सिलएवढ्या नळकांड्यात एक छोटा लिथियम सेल बसवतात आणि त्याच्या डोक्यावर एक चिमुकले मंडल बसवतात. हे मंडल एखाद्या खजिनदार कारकुनासारखे काम करते: आत शिल्लक भरपूर असो वा बेताची, बाहेर मोजून दीड व्होल्टच द्यायचे, आणि तिजोरी रिती झाली की त्याच क्षणी कचेरीला कुलूप घालायचे. या सेलाचे गुण आणि दोष, दोन्ही या कारकुनाच्या कारभारातून उत्पन्न झाले आहेत.

जस्ताचा सेल मरताना सूचना देतो. विजेरीचा उजेड पांढऱ्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा तांबूस होतो, आणि माणूस मनाशी म्हणतो की उद्या दुकानातून सेल आणले पाहिजेत. लिथियमचा हा दीड व्होल्टी सेल शेवटच्या मिनिटापर्यंत तितकाच लख्ख राहतो आणि मग एकाएकी विझतो. दिवाणखान्यात हा गुण मानावा. पण भातखाचराच्या बांधावरून, दोन्ही बाजूंना पाणी आणि पायाखाली शेवाळ अशा स्थितीत घरी परतणाऱ्या माणसाला तो गुण वाटणार नाही. ज्या उपकरणांवर सेलाची शिल्लक दाखवणारी खूण असते, त्यांचीही अशीच फसगत होते. शिल्लक दाबावरून मोजली जाते, आणि दाब तर अखेरपर्यंत हलत नाही.

रेडिओचा प्रकार मी प्रत्यक्ष अनुभवला. माझी आत्या सकाळी उठल्यापासून आकाशवाणीचे पुणे केंद्र ऐकते, 792 किलोहर्ट्झवरचे, मध्यम लहरींवरचे. काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात लाइट जाऊन तिसरा दिवस लागला होता, आणि तिच्या रेडिओतले सेल उतरले म्हणून मी मोठ्या हौसेने हे नवे लिथियम सेल त्यात घातले. बटण फिरवताच बातम्यांच्या मागून एक अखंड गुणगुण सुरू झाली. आत्याने रेडिओ कानाशी धरला, हलवला, उलटा केला आणि म्हणाली, “आरं, ह्यात भुंगा शिरला का काय? काढ ते तुझं नवं, माझं जुनंच घाल.” तो भुंगा म्हणजे आपला कारकूनच होता. दाब उतरवण्यासाठी ते मंडल प्रवाह सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करते, आणि त्या उघडझापीचे पडसाद नेमके मध्यम लहरींच्या पट्ट्यात उमटून रेडिओच्या आतल्या, लहरी टिपणाऱ्या कांडीवर जाऊन पोचतात. मी कपाटातले, पुनःपुन्हा भरायचे निकेलचे सेल काढून घातले आणि बातम्या स्वच्छ ऐकू आल्या. सर्वच बनावटींचे सेल सारखा गोंगाट करतात असे नाही. परंतु विकत घेण्यापूर्वी तो ऐकून पाहण्याची मुभा दुकानात कोणाला मिळते?

घड्याळ आणि रिमोट यांचा निकाल तर चटकन लागतो. भिंतीवरचे घड्याळ सरासरीने एका मिलिअँपिअरच्या अंशाएवढाच प्रवाह घेते आणि जस्ताच्या साध्या सेलावर वर्षभर, कधी त्याहूनही अधिक चालते. त्याच्या पाठीत लिथियमचा सेल बसवला तर घड्याळाच्या खर्चाशेजारी त्या जागत्या कारकुनाचे वेतनही रात्रंदिवस चालू राहते, आणि महागाचा सेल वर्षाकाठी एकदोनदाच भरला जात असल्याने त्याच्या शेकडो भरण्यांचे आयुष्य वायाच जाते. येथे साधा सेलच शहाणपणाचा. मात्र तो संपला की काढून टाकण्याची शिस्त हवी, कारण जस्ताचे कवच झिजून आतला क्षार बाहेर आला म्हणजे तांब्याच्या पट्ट्या हिरव्या-पांढऱ्या होऊन उपकरणच निकामी होते. आमच्या दमट हवेत मी अशा दोन विजेऱ्या गमावल्या आहेत.

मग पुनःपुन्हा भरायचे सेल वापरूच नयेत काय? अवश्य वापरावेत, आणि त्यासाठी निकेल-मेटल हायड्राइडचा सेल आधीच हजर आहे. त्याच्यावर 1.2 व्होल्ट छापलेले असते, आणि ते पाहून पुष्कळ लोक तो कमकुवत ठरवतात. हा आरोप न्यायाचा नाही. जस्ताचा किंवा अल्कलाइनचा सेल दीड व्होल्टांनी आरंभ करतो खरा, परंतु वापरात येताच तो उतरू लागतो आणि आयुष्याचा मोठा भाग 1.2 च्या आसपासच काढतो. उलट निकेलचा सेल 1.2 वर जो स्थिर होतो तो जवळजवळ अखेरपर्यंत. चांगल्या रीतीने बांधलेले उपकरण एका व्होल्टापर्यंत खाली चालेल अशाच बेताने बांधलेले असते. पूर्वी निकेलचे सेल कपाटात पडल्या पडल्या रिते होत, ही तक्रार मात्र खरी होती. 2005 साली सॅन्यो कंपनीने एनेलूप या नावाने जे सेल काढले त्यांनी ती बऱ्याच अंशी दूर केली, आणि आता तशा गुणाचे सेल अनेक बनावटींत मिळतात.

खरेदीदाराने आणखी एका आकड्याची रुजवात करून घ्यावी. निकेलच्या सेलावर क्षमता मिलिअँपिअर-तासांत छापतात आणि लिथियमच्या दीड व्होल्टी सेलावर बहुधा मिलिवॉट-तासांत. एकावर 2000 आणि दुसऱ्यावर 3000 हे आकडे शेजारी ठेवले की ग्राहक दुसऱ्याकडे हात करतो. परंतु 2000 ला 1.2 ने गुणले म्हणजे 2400 मिलिवॉट-तास होतात, आणि खरी तुलना 2400 व 3000 यांची ठरते. लिथियम येथेही सरस आहे, मात्र आकडे सुचवतात तितका नाही.

घातकपणाचा मी उल्लेख केला तो याहून वेगळ्या वस्तूसंबंधी आहे. हुबेहूब पेन्सिल सेलाच्या मापाचा, 14 मिलिमीटर व्यासाचा आणि 50 मिलिमीटर लांबीचा, पण कारकून नसलेला, उघडा 3.7 व्होल्टांचा लिथियम सेलही मिळतो, आणि त्या मापावरूनच त्याला 14500 म्हणतात. असे दोन सेल एखाद्या पोराने खेळण्यात किंवा रिमोटमध्ये घातले तर तीन व्होल्टांऐवजी सात-आठ व्होल्ट त्यात शिरतात. खेळणे जळाले तर हळहळ वाटून विषय संपतो. सेलच अतिरिक्त तापून पेटला तर संपत नाही. अंगाला एक, आकाराला एक, आणि दाबाला अडीचपट अशा दोन वस्तू एकाच घरात शेजारी ठेवू नयेत, हे मी आग्रहाने सांगेन.

आणि आता जेथे लिथियमला त्याचा मान दिलाच पाहिजे ती जागा. बाजारात स्वस्तातली जी चार्जिंगची विजेरी मिळते तिच्यात पुष्कळदा शिशाचा बंदिस्त सेल असतो, आणि उन्हाळाभर ती रिती पडून राहिली की पहिल्या पावसातच तिने राम म्हटलेला असतो. तिच्या जागी लिथियमसाठीच घडवलेली, आतला सेल काढून बदलता येईल अशी विजेरी घेतली तर ती हलकी, लख्ख आणि महिनोन्‌महिने भरलेली राहणारी मिळते. इन्व्हर्टरच्या बाबतीतही लिथियम-आयर्न-फॉस्फेट हा प्रकार मला पसंत आहे: उष्णतेने तो सहसा पेट घेत नाही, डिस्टिल्ड वॉटर मागत नाही, आणि शिशाच्या बॅटरीहून कितीतरी अधिक वेळा भरता येतो. मात्र जुन्या इन्व्हर्टरला ती नुसती जोडून चालत नाही, त्याचे चार्जिंग तिला अनुरूप आहे की नाही याची आधी तजवीज करावी लागते.

साठवलेल्या शक्तीचा प्रश्न आमच्या मुलखाला नवा नाही. 1921 च्या रामनवमीला सेनापती बापटांच्या पुढाकाराने जो मुळशी सत्याग्रह सुरू झाला, तो याच खोऱ्यातल्या जमिनी पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून. त्या गेल्या, आणि 1927 पासून येथले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करू लागले. आज भिऱ्याच्या एका 150 मेगावॅटच्या संचात विजेची आवक जास्त असताना पाणी पुन्हा वर उपसून ठेवण्याची सोय आहे, म्हणजे आमच्या अंगणासमोरचा जलाशय ही एक पुनःपुन्हा भरली जाणारी बॅटरीच आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्यांची शेते या साठवणीखाली गेली, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी सेलावर रात्र काढावी, हे मला अजून खुपते.

साठवणीची किंमत अशी भलत्यालाच मोजावी लागते, म्हणूनच संपलेल्या सेलांचे काय करायचे हा प्रश्न मी शेवटचा म्हणून दुय्यम मानत नाही. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून देण्याचे कर्तव्य तुमच्या-आमच्यावर. जस्ताचा सेल उकिरड्यात पडला तर माती बिघडवतो. लिथियमचा सेल कचऱ्याच्या गाडीत चेपला गेला तर पेटतो, आणि तो हाताने निवडणाऱ्या कष्टकरी स्त्रीच्या ओंजळीतही पेटू शकतो. आत्याच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात आम्ही मेलेले सेल, लिथियमच्या टोकांना चिकटपट्टी लावून, जमवतो आणि वर्षातून एकदा पुण्याला नेऊन देतो. जो दुकानदार सेल विकतो त्याच्याच फळीवर ते परत घेणारी एक पेटी असावी, पौडच्या बाजारात असावी आणि मालेच्या नाक्यावरही असावी, अशी माझी मागणी आहे. यंदाचा डबा भरत आला आहे, आणि त्याचे झाकण आताच नीट बसेनासे झाले आहे.