विश्लेषण : जागा हजारांत, अर्ज लाखांत... सरकारी भरतीच्या प्रतीक्षेची किंमत कोण मोजते?

राज्यात २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४ हजार ६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज दाखल झाले. असे आकडे आले की बेरोजगारीवर दोन दिवस चर्चा होते आणि मग ती थांबते. अर्ज भरणाऱ्याची प्रतीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते आणि अनेकदा काही वर्षे चालते. या काळात शुल्क, प्रवास, खोलीभाडे आणि हातातून जाणारे वय यांचा हिशेब कुठल्याच जाहिरातीत नसतो.

एका जागेमागे नेमके किती उमेदवार?

तलाठी भरतीत एका जागेमागे सव्वादोनशेच्या आसपास अर्ज होते, तर पोलीस भरतीत सुमारे शंभर. देशपातळीवरचे चित्र याहून बिकट आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत केंद्रीय नोकऱ्यांसाठी २२ कोटी ५ लाख अर्ज आले आणि ७ लाख २२ हजार उमेदवारांची नियुक्तीसाठी शिफारस झाली. म्हणजे साधारण तीनशे अर्जांमागे एक नोकरी.

मात्र अर्जांची संख्या म्हणजे माणसांची संख्या नव्हे. एकच तरुण तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद, रेल्वे आणि बँक असे पाच अर्ज भरतो. पुढची जाहिरात कधी येईल याची खात्री नसल्याने समोर येईल तो अर्ज भरून ठेवणे हाच त्याच्यासाठी शहाणपणाचा मार्ग असतो. म्हणूनच या मोठ्या आकड्यांत बेरोजगारीबरोबरच भरतीच्या अनिश्चिततेचाही वाटा आहे.

बेरोजगारीचा दर कमी, तरी रांग एवढी मोठी का?

केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातील बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. हा आकडा वाचून अभ्यासिकेत बसलेल्या तरुणाला आश्चर्य वाटेल. पण मोजणीची पद्धत समजून घेतली की कोडे सुटते. या सर्वेक्षणात घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणाराही रोजगारात धरला जातो. वर्षातील बहुतांश काळ काम नसले, तरी किमान ३० दिवस दुय्यम काम केलेली व्यक्तीही रोजगारात मोजली जाते. त्यामुळे गावी राहून परीक्षेची तयारी करणारा आणि सुगीत वडिलांना हातभार लावणारा पदवीधर या व्याख्येत बेरोजगार ठरेलच असे नाही.

वय आणि शिक्षण पाहिले की चित्र बदलते. त्याच सर्वेक्षणात १५ ते २९ वयोगटातील बेरोजगारीचा दर १०.२ टक्के होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्थेच्या २०२४ मधील अहवालानुसार, २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधील बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ती ३.४ टक्के होती. गरीब घरातील निरक्षर तरुणाला मिळेल त्या कामावर जावेच लागते. पदवीधर काही काळ थांबू शकतो, कारण घरचे त्याच्या शिक्षणावर केलेल्या खर्चाचे चीज होण्याची वाट पाहत असतात. सरकारी भरतीची रांग प्रामुख्याने अशा थांबलेल्यांची आहे.

सरकारी नोकरीच का?

लिपिक-टंकलेखक पदाचे मूळ वेतन १९ हजार ९०० रुपयांपासून, तर तलाठ्याचे २५ हजार ५०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मिळतो. रक्कम फार मोठी वाटत नसली तरी ती दर महिन्याला मिळते, दरवर्षी वाढते आणि मंदी आली म्हणून बंद होत नाही. भरपगारी प्रसूती रजा, वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती आणि आरक्षणाने खुले होणारे दार या गोष्टी तालुक्याच्या ठिकाणी खासगी क्षेत्रात सहसा मिळत नाहीत.

त्यामुळेच पदाच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक शिकलेले उमेदवार अर्ज करतात. मंत्रालयातील उपाहारगृहात वाढप्यांच्या १३ जागांसाठी सुमारे सात हजार अर्ज आल्याचे २०१९ च्या सुरुवातीला समोर आले होते. पात्रता चौथी उत्तीर्ण होती. निवड झालेल्यांपैकी १२ जण पदवीधर निघाले. उत्तर प्रदेशात २०१५ मध्ये शिपायांच्या ३६८ जागांसाठी २३ लाखांवर अर्ज आले, त्यात २५५ जण पीएचडीधारक होते. पदवीधर खालच्या पदावर उतरला की ज्याच्यासाठी ते पद होते, तो दहावी-बारावी झालेला उमेदवार स्पर्धेतून बाहेर फेकला जातो.

अर्ज भरायला किती खर्च येतो?

तलाठी भरतीसाठी खुल्या प्रवर्गाला एक हजार आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये शुल्क होते. दहा लाख अर्ज धरले तरी ढोबळ हिशेबाने ही रक्कम ९० कोटी रुपयांच्या पुढे जाते. प्रत्यक्ष परीक्षेला सुमारे साडेआठ लाख उमेदवार बसले. म्हणजे जे दीड लाखाहून अधिक उमेदवार केंद्रावर पोहोचलेच नाहीत, त्यांचेही शुल्क जमा झाले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जिल्हा परिषदांच्या १९ हजार ४६० जागांची जाहिरात आली. तिथे प्रत्येक संवर्गासाठी वेगळा अर्ज आणि वेगळे शुल्क होते. खुल्या प्रवर्गातील एखाद्याने तलाठी आणि जिल्हा परिषदेतील दोन पदांसाठी अर्ज केला, तर तीन हजार रुपये केवळ शुल्कातच गेले. परीक्षा केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आले की एसटीचे भाडे, एका रात्रीचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांची भर पडते. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठेत राहून तयारी करणाऱ्यांना खोली, खानावळ आणि अभ्यासिका हा खर्च दर महिन्याला असतो.

शुल्क कमी ठेवले तर केवळ गंमत म्हणून अर्ज करणाऱ्यांची संख्या वाढते, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे, पण त्यावर तोडगाही आहे. रेल्वेच्या २०१९ मधील एक लाखाहून अधिक जागांच्या ‘लेव्हल १’ भरतीत सर्वसाधारण उमेदवाराकडून ५०० रुपये घेतले जात होते आणि परीक्षेला हजर राहिल्यास त्यातील ४०० रुपये परत करण्याची तरतूद होती. अनुसूचित जाती-जमाती, महिला आदींचे २५० रुपये शुल्क पूर्ण परत मिळणार होते. गंभीर उमेदवार ओळखायचा असेल तर ही पद्धत त्याचा खिसा रिकामा न करता ते काम करते.

जाहिरात निघाली म्हणजे भरती होते का?

तसे होतेच असे नाही. जिल्हा परिषदांच्या १३ हजार ५२१ जागांची जाहिरात मार्च २०१९ मध्ये निघाली होती. अर्ज आले, शुल्क जमा झाले, पण परीक्षा झाली नाही. २०२२ मध्ये ती प्रक्रिया रद्द करून शुल्क परत करण्याचे ठरले आणि नवी जाहिरात यायला २०२३ उजाडले. यात उमेदवाराची चार वर्षे गेली.

आरोग्य विभागाची २०२१ मधील परीक्षा आधी आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि नंतर झालेल्या परीक्षा पेपरफुटीत अडकून रद्द झाल्या. त्याच वर्षी १२ डिसेंबरला होणारी म्हाडाची परीक्षा मध्यरात्रीनंतर रद्द झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा अनेक उमेदवार परीक्षेच्या गावी पोहोचले होते.

गैरप्रकाराचे सावट नसतानाही वेळ लागतोच. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये गट ‘ब’ आणि ‘क’ च्या ८ हजार १६९ जागांची संयुक्त जाहिरात काढली. त्यात सात हजारांहून अधिक जागा लिपिक-टंकलेखकाच्या होत्या. पूर्वपरीक्षा एप्रिल २०२३ मध्ये, लिपिकांची मुख्य परीक्षा डिसेंबरमध्ये आणि टंकलेखन चाचणी जुलै २०२४ मध्ये झाली. कार्यालयात टंकलेखन करण्याच्या कामासाठीची चाचणी जाहिरातीनंतर दीड वर्षाने झाली.

२०० पैकी २१४ गुण कसे पडले?

तलाठी भरतीचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये लागला, तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत २१४ गुण दिसल्याने संताप उसळला. यामागे ‘सामान्यीकरण’ नावाची गणिती पद्धत आहे. लाखो उमेदवारांना एकाच वेळी संगणकावर बसवणे शक्य नसल्याने १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ दरम्यान ही परीक्षा अनेक सत्रांत झाली. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून काठिण्यपातळीही वेगळी. अवघड सत्रातील उमेदवारावर अन्याय होऊ नये यासाठी सर्वांचे गुण एका समान पट्टीवर आणले जातात. अवघड सत्रात ज्याला आधीच खूप गुण आहेत, त्याचे गुण या आकडेमोडीत कमाल मर्यादेच्याही वर जाऊ शकतात.

म्हणजे २१४ हा आकडा एकट्याने गैरप्रकाराचा पुरावा ठरत नाही. पण उमेदवाराला त्याचे मूळ गुण, सत्राची काठिण्यपातळी आणि वापरलेले सूत्र निकालाबरोबरच समजेल अशा भाषेत मिळाले नाही, तर त्याचा विश्वास कसा बसणार? पेपरफुटीच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या पिढीला केवळ ‘पद्धत शास्त्रीय आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. शिवाय अर्ज जितके जास्त तितकी सत्रे जास्त, आणि सत्रे जितकी जास्त तितके या आकडेमोडीवरचे अवलंबन जास्त.

सर्वात मोठी किंमत कोणती?

वयाची. राज्यात बहुतांश पदांसाठी खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांची मर्यादा आहे. करोनाकाळात भरती रखडल्याने सरकारने मार्च २०२३ मध्ये त्या वर्षअखेरपर्यंतच्या जाहिरातींसाठी दोन वर्षांची सवलत दिली होती. विलंब उमेदवारामुळे झाला नव्हता, हे त्यातून सरकारनेही मान्य केले.

पण मर्यादेच्या आत असणे आणि वेळेत नोकरी मिळणे यांत फरक आहे. २४ व्या वर्षी तयारीला लागलेला तरुण दोन-तीन भरत्यांत काही गुणांनी मागे राहिला की तिशीत पोहोचतो. तेव्हा खासगी कंपनीत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, इतकी वर्षे काय केले? कामाचा अनुभव नसतो आणि अभ्यासाचे प्रमाणपत्र मिळत नाही. मुलींची मुदत बहुधा याहून कमी असते, कारण घरून मिळालेली सवलत वर्ष-दोन वर्षांची असते आणि एका परीक्षेच्या लांबणीत ती संपून जाते.

कायद्याने काय बदलले?

केंद्राचा परीक्षांतील गैरप्रकार रोखणारा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. राज्य विधिमंडळानेही त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात स्वतंत्र विधेयक मंजूर केले. दोन्हींत तीन ते पाच वर्षे कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संघटित गुन्ह्यासाठी केंद्रीय कायद्यात पाच ते दहा वर्षे कारावास आणि किमान एक कोटी रुपये दंड आहे.

हे कायदे पेपर फोडणाऱ्याला शिक्षा देतात. परीक्षा रद्द झाल्यावर उमेदवाराला काय मिळेल, नवी परीक्षा किती दिवसांत होईल, निकाल किती महिन्यांत लागेल, याचे बंधन मात्र त्यांच्यामुळे येत नाही.

मग करता येण्याजोगे काय आहे?

सर्वांना सरकारी नोकरी देणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. प्रतीक्षेची किंमत कमी करणे मात्र शक्य आहे आणि त्यासाठीचे मार्ग नवे नाहीत. केंद्रीय लोकसेवा आयोग आपल्या परीक्षांचे वार्षिक वेळापत्रक आधीच जाहीर करतो आणि सहसा पाळतो. जिल्हा व विभागीय पातळीवरच्या भरतीलाही तशी शिस्त लागू शकते. राजस्थानने २०२३ मध्ये एकदाच नोंदणी शुल्क भरून पुढील परीक्षांना शुल्कमुक्त अर्ज करण्याची पद्धत आणली. हजर राहणाऱ्याला शुल्क परत देण्याचे उदाहरण रेल्वेचे आहेच.

एकच हुशार उमेदवार तीन याद्यांत निवडला गेला की दोन जागा अडतात. त्यावर लोकसेवा आयोगाने भरतीप्रक्रियेतून बाहेर पडण्याचा पर्याय दिला आहे. इतर भरत्यांतही तो आणि वेळेत उघडणारी प्रतीक्षा यादी हवी. सामायिक परीक्षेची कल्पना मात्र सावधपणे पाहावी लागेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय भरती संस्थेला मंजुरी दिली, पण तिची सामायिक परीक्षा त्यानंतरच्या काही वर्षांतही झाली नाही.

आजच्या व्यवस्थेत उशीर सरकार, परीक्षा घेणारी कंपनी किंवा न्यायालयीन वाद यांपैकी कोणामुळेही होवो, त्याचा खर्च उमेदवाराच्या घरातून जातो. भरतीच्या जाहिरातीत अर्ज करण्याची शेवटची तारीख ठळक छापलेली असते आणि ती एका मिनिटाने चुकली तरी अर्ज स्वीकारला जात नाही. निकालाची आणि नियुक्तिपत्राची शेवटची तारीखही त्याच जाहिरातीत असावी आणि ती सरकारवर तितकीच बंधनकारक असावी, एवढी अपेक्षा दहा लाख अर्जदारांनी ठेवली तर ती जास्त म्हणता येणार नाही.