लावालावीला कान कोणाचे?



आज स्वयंपाकघर सोडून ऑफिसबद्दल लिहिते आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी आता सकाळी सामायिक आटोपून, डबे भरून, साडेनऊला टेबलावर हजर असतात. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी माझ्यासारख्या कंपनीच्या हिशेब खात्यात. घरातल्या लावालावीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. जावाजावांत, नणंद-भावजयीत कोण कोणाचे कान भरतं, ते आपल्याला चांगलं कळतं. पण ऑफिसमध्ये तोच खेळ चालला की आपण फसतो. मीही फसले. ते सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगते.

आमच्या खात्यात आम्ही तिघी. मी सगळ्यात जुनी. एक धाकटी, हुशार, दोन वर्षांपूर्वी लागलेली. आणि एक आमच्या मधल्या वयाची. नावं नकोत, म्हणून तिला इथे 'मधली' म्हणते. मधली गोड बोलायची. डब्यात माझ्यासाठी वेगळं, कांदा-लसूण नसलेलं काहीतरी आणायची. चौविहार असला तर संध्याकाळी स्वतः घड्याळ बघून म्हणायची, "ताई, तुम्ही निघा, सूर्यास्त होईल, राहिलेलं मी बघते." अशा बाईवर कोण संशय घेईल?

जूनमध्ये तिने पहिल्यांदा सांगितलं, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण धाकटी म्हणत होती की जुन्या लोकांना नवीन सॉफ्टवेअर जमत नाही, सगळं आम्हालाच निस्तरावं लागतं." मी वरवर हसले, आत मात्र खुपलं. मग दर चार-आठ दिवसांनी एक-एक गोष्ट यायला लागली. मी धाकटीशी कामापुरतं बोलू लागले. तीही माझ्याशी तुटक वागायची, त्यामुळे मला वाटलं, मधली म्हणते ते खरंच असणार.

त्या वर्षी संवत्सरीला मी ऑफिसच्या सगळ्यांना मोबाइलवर मिच्छामि दुक्कडं पाठवलं. फुलांचं चित्र असलेला तोच एक संदेश सगळ्यांना गेला, धाकटीलाही गेला. तिने हात जोडल्याचं चिन्ह परत पाठवलं. आमच्या दोघींच्या खुर्च्यांत दहा फुटांचं अंतर होतं. उठून तिच्याजवळ जावं असं मला वाटलं नाही.

नोव्हेंबरमध्ये भांडं फुटलं. ऑक्टोबरमध्ये कापलेला टीडीएस 7 नोव्हेंबरपर्यंत भरायचा असतो. मधली मला म्हणाली, "धाकटीने चलन केलंय, पण तिला विचारू नका, विचारलं की चिडते." आणि धाकटीला तिने सांगितलं होतं, "यावेळी चलन ताई स्वतः करणार आहेत, तुझ्यावर त्यांचा विश्वास नाही." चलन कोणीच भरलं नाही. आठ तारखेला सरांच्या लक्षात आलं. उशीर एका दिवसाचा, पण व्याज महिन्याला दीड टक्का, आणि त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर असे दोन्ही महिने धरले जातात, म्हणजे तीन टक्के. रक्कम फार मोठी नव्हती, पण वीस वर्षांत माझ्या टेबलावरून अशी चूक गेली नव्हती.

सरांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. सहा महिन्यांत आम्ही दोघी पहिल्यांदा समोरासमोर बसलो आणि दोघींच्या तोंडून एकच वाक्य निघालं, "पण मला तर असं सांगितलं होतं."

त्या दिवशी संध्याकाळी जिन्यात उभं राहून आम्ही सगळं बोललो. ती सॉफ्टवेअरबद्दल काही बोललीच नव्हती. मी सरांकडे तिची तक्रार केली होती, असं तिला सांगण्यात आलं होतं. तीही मी केली नव्हती. मग ती म्हणाली, "ताई, ऑगस्टमध्ये आईचं ऑपरेशन झालं. तुम्ही एकदाही विचारलं नाही, म्हणून मला वाटलं, खरंच तुमच्या मनात माझ्याबद्दल राग आहे." मला ऑपरेशन झाल्याचं माहीतच नव्हतं. तिने नोकरी बदलायची तयारीही केली होती.

व्याज कंपनीने भरलं आणि विषय मिटला. पण तिची आई दवाखान्यात असताना मी शेजारी बसून टाइप करत होते, ते कशाने भरून निघणार?

रोज म्हणतो, पण ऐकतो का?

त्या रात्री प्रतिक्रमणात अठरा पापस्थानकं म्हणताना मी पहिल्यांदा थांबले. लहानपणापासून पाठ आहेत, म्हणून एका दमात म्हणून टाकतो. पण बघा, आपल्या पूर्वजांनी या एका दुखण्याला किती वेगवेगळी नावं दिली आहेत. बारावं कलह. तेरावं अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ. चौदावं पैशुन्य, म्हणजे चहाडी. सोळावं परपरिवाद, म्हणजे दुसऱ्याची निंदा. सतरावं मायामृषावाद, म्हणजे कपटाने गुंडाळलेलं खोटं. अठरांपैकी पाच जागा तर जिभेच्या याच उद्योगाला दिल्या आहेत! ज्यांनी हे लिहिलं त्यांनी माणसं नीट पाहिली होती.

मधलीचं पाप कोणतं ते मला लगेच सापडलं. माझं शोधायला वेळ लागला. पापाची आलोचना करताना आपण तीन गोष्टी म्हणतो: स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, आणि करणाऱ्याला बरं मानलं. ही तिसरी गोष्ट माझी होती. खरं सांगू? मधली खुर्ची ओढून जवळ बसली आणि "ताई, एक सांगू का?" म्हणाली की मला ते ऐकायला आवडायचं. आपण जुन्या, आपल्याला मान मिळायला हवा, ही धाकटी शेफारली आहे, असं मला आधीपासून थोडं वाटतच होतं. मधलीने त्यावर फक्त फुंकर घातली. तिच्याकडे माया होती, माझ्याकडे मान होता. दोन कषायांची जोडी छान जमली.

दुसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत पहिलाच आहे, विचार न करता कोणावर दोष ठेवणं. मी तोंडाने ठेवला नाही, मनात ठेवला. एकदाही उठून खरं काय ते विचारलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, लावालावी करणारी बाई एकटी काही करू शकत नाही. तिला कान लागतात. त्या कानांपैकी दोन आपले असतात.

सहन करणं म्हणजे क्षमा नव्हे

पण दोष फक्त ऐकणाऱ्यांचा, असंही मी म्हणणार नाही. आपल्यात दुसरी एक चूक होते, आणि ती धर्माच्या नावाने होते. कोणी त्रास दिला की घरातली मोठी माणसं सांगतात, "जाऊ दे, कर्माचा उदय आहे, समता ठेव." समता ठेवायचीच. पण समता म्हणजे आपल्या मनात राग न धरणं. चाललेलं खोटं चालू देणं म्हणजे समता नव्हे. मी गप्प बसले तर उद्या तिसऱ्या मुलीची नोकरी जाईल. त्यात अहिंसा कुठे आहे?

आणखी एक वाक्य ऐकू येतं, "अनेकांत आहे, तिचीही एक बाजू असेल." असेल ना! तिची बाजू मी ऐकली. गेल्या वेळी बढती मिळाली नाही, धाकटी पुढे जाईल ही भीती होती. मला त्याचं वाईट वाटलं. पण दोन्ही बाजू ऐकायच्या असतात त्या खरं काय ते नीट कळावं म्हणून. खऱ्याला आणि खोट्याला सारखंच वजन द्यायला अनेकांत सांगत नाही. उलट सहा महिने मी एकच बाजू ऐकत होते, तोच तर खरा एकांत.

मग करायचं काय?

त्यानंतरच्या वर्षांत मी काही गोष्टी शिकले. काही स्वतःच्या चुकांतून, काही धाकटीकडून.

कोणी येऊन "अमुक तुझ्याबद्दल असं म्हणत होती" असं सांगितलं की मी शांतपणे म्हणते, "असं का? चल, दोघी मिळून तिलाच विचारू." आवाज चढवायचा नाही, टोमणा मारायचा नाही. दहापैकी नऊ वेळा समोरची म्हणते, "अहो नको, मी आपलं सांगितलं." आणि पुढच्या वेळी ती आपल्याकडे येत नाही.

कामाचा निरोप तिसऱ्या माणसाकडून घ्यायचा नाही. कोण काय करणार, कधीपर्यंत, हे दोन ओळींत ईमेलवर टाकायचं. "आपलं आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे चलन तुम्ही पाच तारखेपर्यंत करणार आहात," एवढं पुरतं. हे अविश्वासाने करायचं नाही. घरात दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहितो, तसंच हे.

त्रास वाढत असेल तर वहीत नोंद ठेवायची. तारीख, काय झालं, कोण हजर होतं. "ती कशी दुष्ट आहे" हे लिहायचं नाही. तसं लिहिलं की वही वाचणाऱ्याला आपलाच राग दिसतो, आणि आपलाही कषाय वाढतो.

वरिष्ठांकडे जायचं तर कामाचं नुकसान घेऊन जायचं, स्वभावाची तक्रार घेऊन नाही. "ती लावालावी करते" म्हटलं की सर म्हणतात, बायकांची भांडणं. हे वाक्य पुरुषांच्या भांडणाला कोणी लावत नाही, पण तो विषय वेगळा. "दोघींना दोन वेगळे निरोप गेले आणि चलन राहिलं" म्हटलं की त्यांना ऐकावंच लागतं. काही साहेब मात्र स्वतःच कच्च्या कानाचे असतात, खबऱ्या म्हणून अशा माणसांना जवळ ठेवतात. तिथे फार आशा ठेवू नका. आपलं काम लेखी ठेवा आणि जमलं तर दुसरी जागा बघा. त्यात पळपुटेपणा नाही.

घरच्या गोष्टी ऑफिसच्या डब्याबरोबर उघडायच्या नाहीत. नवऱ्याच्या धंद्यातली अडचण, मुलीचं जमत असलेलं लग्न, सासूबाईंचं बोलणं. आज जे मन मोकळं करणं वाटतं, ते उद्या दुसऱ्या टेबलावर चघळलं जातं. मोबाइलवरच्या संवादाचा अर्धाच फोटो काढून पुढे पाठवणाऱ्याही असतात. खोटा लेख करणं हाही त्याच अणुव्रताचा अतिचार आहे. मागची-पुढची वाक्यं कापून पाठवलेला तो फोटो खोट्या लेखाहून किती वेगळा?

आणि एक महत्त्वाचं. कुजबुज जर एखादीच्या चारित्र्याबद्दल असेल, तर ती नुसती चहाडी समजून सोडू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. घाणेरडे शेरे, सूचक बोलणं यासाठी तिथे जाता येतं. आपल्या मुलींना लग्नाच्या याद्यांबरोबर एवढी माहितीही देऊन ठेवा.

मधलीचं काय झालं?

ती अजून आमच्याच खात्यात आहे. सरांनी तिला समज दिली, कामं लेखी वाटून दिली. पुढच्या संवत्सरीला मी उठून तिच्या टेबलाजवळ गेले आणि मिच्छामि दुक्कडं म्हटलं. सहा महिने मनात, आणि नंतर तिच्याविरुद्धही, मी जे जे साठवलं होतं त्याबद्दल. तिने मान खाली घातली, डोळे भरले. काही बोलली नाही. मी क्षमा मागितली आणि केलीही. पण बँकेच्या पोर्टलचा पासवर्ड तिला दिला नाही. तो आजही धाकटीकडे आणि माझ्याकडेच आहे. या दोन गोष्टींत मला काही विरोध दिसत नाही.

धाकटीच्या आईला भेटायला मी नंतर गेले, खाकरा आणि मुगाचे लाडू घेऊन. त्या म्हणाल्या, "माझी मुलगी तुमचं फार नाव काढते." मी विचारलं, "कधीपासून?" त्या म्हणाल्या, "लागली तेव्हापासून."

तेवढं वाक्य मला कोणी मध्ये येऊन सांगितलं नव्हतं. चांगली गोष्ट इकडून तिकडे नेणारं माणूस ऑफिसमध्ये नसतंच बहुतेक. तेव्हा हे काम आपण का करू नये? उद्या कोणी कोणाबद्दल चांगलं बोललं, तर तेवढं मात्र जरूर पोचवा.

जय जिनेंद्र.